दोनशे नव्व्याण्णवला चोवीस: नेलपॉलिशच्या पहिल्या खरेदीत पैसे कुठे मुरतात

पुण्यात नेलपॉलिश जमवायला निघालेल्या मुलीची पहिली फसवणूक बहुधा खोक्यातून होते. फर्ग्युसन रस्त्याचा पदपथ, तुळशीबागेचा एखादा बोळ, कॅम्पातली फॅशन स्ट्रीट, जागा कुठलीही असो. पारदर्शक झाकणाच्या खोक्यात चोवीस बाटल्या आणि वर पुठ्ठ्यावर २९९. "ताई, बाहेर एकच बाटली दीडशेला आहे, इथं चोवीस कलर देतोय." बाटलीला साडेबारा रुपये, एवढा हिशेब चालता चालता होतो आणि खोका पिशवीत जातो. सगळेच विक्रेते लबाड नसतात. तुळशीबागेत वर्षानुवर्षं चोख माल विकणारी दुकानं आहेत. पण हा खोका म्हणजे फसवणुकीचे सगळे प्रकार एकाच ठिकाणी, म्हणून तोच उघडून बघू.

आधी बाटल्या नाही, रंग मोजायचे. पांढऱ्या कागदावर सगळ्या ओळीने लावल्या की चार गुलाबी सख्ख्या बहिणी निघतात. टोपणावरचे आकडे वेगळे, आत माल एकच. लाल तीन, त्यातले दोन जुळे. तीन-चार बाटल्यांत पारदर्शक द्रवात तरंगणारी नुसती चमकी. ती दुसऱ्या रंगावर लावायची असते, एकटी लावली तर नख उघडंच दिसतं. दोन-तीन निऑन असतात, ते खाली पांढरा थर दिल्याशिवाय उठत नाहीत. एक काळा, एक पांढरा. खऱ्या अर्थाने वेगळ्या शेड उरतात सहा-सात. म्हणजे एक शेड चाळीस-पन्नासला पडली, आणि त्याच पैशांत ओळखीच्या कंपनीची छोटी बाटली दुकानात बिलासह मिळते.

आता माप. बाटली उजेडात आडवी धरून काचेचा तळ बघा. आत कप्पा कुठे संपतो आणि काच कुठे सुरू होते ते स्पष्ट दिसतं. जाड तळ, जाड खांदे आणि मध्ये बोटाच्या पेराएवढी पोकळी, त्यावर छापलेलं असतं ९ मिली. खात्री करायची तर रिकामी बाटली रिमूव्हरने धुवून वाळवा आणि औषधाच्या दुकानातून ५ मिलीची सिरिंज आणा, सुई नको. बाटलीच्या खांद्यापर्यंत किती पाणी मावतं ते मोजा. गळ्यापर्यंत भरू नका, कारण ब्रश आत गेल्यावर द्रव वर चढतो म्हणून तेवढी जागा चांगले उत्पादकही मोकळी सोडतात. ९ मिलीच्या बाटलीत साडेचारच मावलं तर निम्मे पैसे काचेचे गेले. अर्थात मापाच्या मागे फार लागण्यातही अर्थ नाही. नवख्या माणसाची १५ मिलीची बाटली संपण्याआधी घट्ट होते. ५ मिली पुरते, फक्त ती खरोखर ५ असावी.

खरं नुकसान मात्र याच्यापुढच्या लबाडीत होतं. नेलपॉलिश म्हणजे मुळात नायट्रोसेल्युलोजचा लाखेसारखा थर. तो इथिल अ‍ॅसिटेट आणि ब्युटिल अ‍ॅसिटेटमध्ये विरघळवलेला असतो. सोबत थर लवचिक ठेवणारं एक द्रव्य, चकाकी आणि पकड देणारं रेझिन, रंग तळाशी बसू नये म्हणून थोडी खास माती, आणि रंगद्रव्य. बाटली एप्रिल-मेच्या उन्हात हातगाडीवर पडून राहिली की द्रावक उडतो आणि माल मधासारखा होतो. त्यावर खरा उपाय म्हणजे नेलपॉलिश थिनर, ज्यात हेच दोन अ‍ॅसिटेट असतात. दोन-तीन थेंब टाकायचे, बाटली तळहातांत फिरवायची, थांबायचं, लागलं तर पुन्हा दोन थेंब. विक्रेता हे करत बसत नाही. तो सरळ अ‍ॅसिटोन, म्हणजे रिमूव्हर, ओततो. माल पातळ होतो आणि नव्यासारखा वाहतो, पण थराची घडी मोडलेली असते. लावला की ब्रशच्या रेघा बसायच्या आत वाळतो, चकाकी मेलेली असते आणि दुसऱ्या दिवशी टोकापासून पापुद्रे सुटतात. पावसाळ्यात तर चोरी डोळ्यांना दिसते. अ‍ॅसिटोन झपाट्याने उडतो, उडताना थर गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि लाल नखावर दुधासारखी साय येते. जुलैत गिऱ्हाइकाने तक्रार केली की "हवाच दमट आहे ताई" हे उत्तर तयार असतं. हवा दमट असते हे खरं, पण नीट बनवलेलं पॉलिश इतक्या सहजासहजी साय धरत नाही.

हे दुकानातच ओळखता येतं. बाटली उघडून ब्रश वर उचला. टोकाला थेंब जमून सावकाश ओघळला तर ठीक. ब्रशमागून धाग्यासारखी तार आली तर माल जुना, पाण्यासारखी धार लागली तर पातळ केलेला. वासही सांगतो: अ‍ॅसिटेटांना पिकलेल्या फळासारखा, केळ्याकडे झुकणारा वास असतो, तर अ‍ॅसिटोन नाकात सरळ झोंबतो. ब्रशचे केस फाकलेले किंवा एका बाजूला वाकलेले असतील तर ती बाटली आधी कुणीतरी वापरलेली आहे. रंग तळाशी आणि वर पिवळसर पाणी एवढ्यावरून मात्र माल टाकाऊ ठरवू नका. थोडं वेगळं होणं स्वाभाविक आहे, मिनिटभर फिरवून एकजीव झालं की पुरे. नाही झालं तर ठेवून द्या.

तारीख बघा, आणि तारखेभोवतीची जागाही बघा. रिमूव्हरने छपाई सहज पुसली जाते. बाटलीचा बाकीचा भाग चकचकीत आणि तारखेपुरतीच काच धुरकट, किंवा एका स्टिकरखाली दुसऱ्या स्टिकरची कड लागते, असं काही दिसलं की पुढचं बोलणं नको. उघड्या डबीचं चित्र आणि त्यात २४ महिन्यांची खूण असेल तर ती मुदत उघडल्यापासून मोजायची.

नामांकित परदेशी बाटल्यांच्या नकला वेगळ्या रीतीने पकडाव्या लागतात. ओपीआयची नेहमीची बाटली १५ मिलीची आणि छोटी ३.७५ मिलीची, एस्सीची नेहमीची १३.५ मिलीची. या नावांखाली नेहमीची बाटली म्हणून १० मिलीची दीडशेला दिसली तर पुढे तपासायला काही उरत नाही. आयात मालावर इथल्या आयातदाराचं नाव-पत्ता असलेलं लेबल हवं आणि रुपयांतली छापील किंमत हवी. तळाच्या गोल स्टिकरवर शेडचं नाव नसून नुसता '१७' असा आकडा असेल तर तीही खूणच. 'टेन-फ्री', 'सिक्स्टीन-फ्री' या आकड्यांना भुलू नका. मुळात 'थ्री-फ्री' म्हणजे टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटिल थॅलेट ही तीन द्रव्यं नाहीत, एवढाच अर्थ होता. तिथून पुढचे आकडे ज्याने त्याने आपल्या सोयीने वाढवलेत, त्यांची कायद्यात व्याख्या नाही. घटकांची यादीच न छापता 'फ्री' म्हणणाऱ्याने नेमकं काय वगळलं, ते कळायला मार्ग नसतो.

आता रंगाचं. इथे विक्रेता खोटं बोलतोच असं नाही. उजेड त्याच्या वतीने बोलतो. निळ्या ताडपत्रीखाली अबोली रंग गुलबक्षी दिसतो, पिवळ्या बल्बखाली आमसुली आणि तपकिरी एक होतात. मोबाइलच्या फोटोत जांभळा, मोरपंखी आणि निऑन हे तीन कधीच जसेच्या तसे उतरत नाहीत, त्यामुळे रीळमध्ये दिसलेला मोरपंखी हातात आला की साधा निळा निघतो. उपाय स्वस्त आहे. पर्समध्ये पारदर्शक चिकटपट्टी ठेवा. टेस्टरमधून तिच्यावर दोन थर ओढा, दहा मिनिटं वाळू द्या, मग दुकानाबाहेर लक्ष्मी रस्त्याच्या उन्हात आपल्या नखावर धरून बघा. टेस्टर उघडू न देणाऱ्याकडून एकच बाटली घ्या, खोका नको.

'न्यूड' हा शब्द नवख्यांना सर्वात महाग पडतो. या नावाचे बरेच फिकट गुलाबी रंग गोऱ्या कातडीच्या हिशेबाने केलेले असतात. गव्हाळ आणि सावळ्या बोटांवर ते खडूसारखे दिसतात आणि हात निस्तेज वाटतो. आपल्या बोटाच्या कातडीहून अर्धी छटा गडद, तपकिरीकडे किंवा अबोलीकडे झुकलेला रंग घ्या. फिकट पेस्टल रंगांत पांढरं रंगद्रव्य भरपूर असतं. ते पट्टेदार बसतं, तीन पातळ थर मागतं आणि नवख्या हाताला दमवतं. डाळिंबी, वांगी, राणी असे 'क्रीम' रंग, म्हणजे चमकी नसलेले सपाट रंग, चुका झाकतात. धातूसारख्या चकाकीचे रंग ब्रशची प्रत्येक रेघ दाखवतात, ते नंतर घ्या. 'होलोग्राफिक' म्हणून विकलेल्या बाटलीवर मोबाइलचा टॉर्च मारा: इंद्रधनुषी पट्टा किंवा सप्तरंगी ठिपके उमटले तर होलो, नुसते एकाच रंगाचे ठिपके चमकले तर साधी शिमर दुप्पट किमतीला चाललीय.

जेलचा गोंधळ तर सर्रास होतो. खरं जेल पॉलिश हवेत वाळत नाही. त्याला यूव्ही किंवा एलईडी दिवा लागतो, आणि उजेडानेच ते घट्ट होत असल्यामुळे त्याची बाटली अपारदर्शक असते. 'यूव्ही जेल' लिहिलेली बाटली पारदर्शक असेल तर लेबल खोटं. उलटही घडतं: दिव्याचा उल्लेख न करता खरं जेल विकतात, आणि घरी तीन तास पंख्याखाली हात धरूनही नखं चिकटच राहतात. असं न वाळलेलं जेल कातडीला लागू देऊ नका. त्यातल्या अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते.

ऑनलाइन फसवणुकीत तर बाटलीच येत नाही. पानावर सुंदर नखांचे फोटो, 'प्री-ऑर्डर, आज शेवटचा दिवस, सीओडी नाही', यूपीआयने पैसे घेतले जातात आणि मग 'पार्सल कस्टममध्ये अडकलंय, आणखी ३५० भरा'. पैसे परत मागितले की क्यूआर कोड येतो: "हा स्कॅन करून पिन टाका, रिफंड जमा होईल." पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. असं झालं तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, पानाचं नाव, संभाषणाचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. विक्रेता खराखुरा आहे, पण माल नकली किंवा वेगळा पाठवला, छापील किमतीपेक्षा जास्त घेतले, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. दोन्हीकडे पुरावा मागतात, म्हणून पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ काढायचा. खोक्यावरच्या पत्त्यापासून सुरुवात करायची, मध्ये थांबायचं नाही.

पहिल्या संग्रहाला पाच-सहा बाटल्या पुष्कळ: एक बेस कोट (रंगाच्या खाली लावायचा), एक टॉप कोट (रंगाच्या वर लावायचा), रोजचा एक, लाल एक, गडद एक, आणि मन राहत नसेल तर चमकी. बेस कोटवर काटकसर नको. लाल आणि गडद रंग थेट नखावर गेले की नख पिवळं पडतं, आणि तो डाग लिंबाने किंवा 'नेल व्हाइटनर'ने पुरता जात नाही. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे पिवळा भाग कापून निघायला चार ते सहा महिने.

चोवीसांचा खोका घरात आलाच असेल तर त्यातला काळा, पांढरा आणि चमकी बेस कोटवर वापरून संपवता येतील, अर्थात वास आणि धार तपासून. बाकीचं मोरीत ओतू नका, ते ज्वलनशील आहे. टोपणं काढून बाटल्या बाल्कनीत सावलीला वाळत ठेवा, गॅसपासून आणि देवघरातल्या निरांजनापासून लांब. वाळल्या की कागदात गुंडाळून वर 'नेलपॉलिश, काच' लिहा आणि सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात वेगळं द्या, ओल्या-सुक्यात मिसळू नका.