स्प्रिंगवाला सीटपोस्ट घेतला, कंबर खुश झाली पण गुडघा रुसला

तीन महिने वापरून झाला म्हणून आता लिहून राहिलो. सायकल साधी हायब्रिड, माझं वजन ८२ किलो, रोज त्रिमूर्ती नगर ते सिव्हिल लाइन्स आणि रविवारी फुटाळा, सेमिनरी हिल्स. नागपूरकरांना काय सांगायचं, सिमेंट रोड दिसायला गुळगुळीत पण थोड्या थोड्या अंतरावर जोड, आणि कडेच्या गट्टूंवर उतरलं की ठोका कंबरेत बसतो अन् मानेत जाऊन थांबतो. त्यात चाळिशी उलटलेली. म्हणून बर्डीवरच्या एका दुकानातून १,४०० रुपयांचा टेलिस्कोपिक सीटपोस्ट बसवून घेतला, म्हणजे सीटखालचा दांडा, ज्यात नळीत नळी सरकते अन् आत स्प्रिंग असते तो.

पहिले दोन दिवस तर मजाच. स्पीडब्रेकरवर अजूनही बूड उचलावंच लागतं, पण जोडांची ती सततची धपधप खूप कमी झाली.

आठवड्याभरात उजव्या गुडघ्याच्या वाटीपुढे दुखायला लागलं. मला वाटलं वय झालं बावा. दुकानातल्या पोराला विचारलं तर म्हणे, "काका, उंची जुन्या सीटइतकीच ठेवली, टेप लावून." अन् खरंच तेवढीच होती, तीच तर भानगड! त्याने मोजली रिकामी सायकल, मी बसलो की स्प्रिंग दबते, सीट खाली जाते, गुडघा जास्त वाकतो आणि प्रत्येक पॅडलला वाटीवर जोर येतो.

किती दबते ते घरीच पाहिलं. कोथिंबिरीच्या जुडीचं रबर वरच्या चकचकीत नळीला घातलं, खाली कॉलरला, म्हणजे ती नळी जिथे खालच्या नळीत शिरते त्या कड्याला, टेकवलं, भिंतीला हात लावून अलगद बसलो अन् तसाच अलगद उतरलो. रबर १५ मिमी वर सरकलेलं! पोस्टची दबायची एकूण चालच ४० मिमी, म्हणजे नुसतं बसण्यातच तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गेली, खड्ड्यासाठी उरलं काय? मग पोस्ट बाहेर काढून त्याच्या खालच्या टोकाचा, स्प्रिंग कडक-नरम करायचा बोल्ट ॲलन कीने आवळला, दोन-तीनदा काढ-घाल करून ९ मिमीवर आणला. तुम्हाला उलट नरम करायचा असेल तर बोल्ट नळीच्या बाहेर डोकावेल इतका ढिला करू नका.

त्यानंतर उंची. सीटवर पूर्ण वजन टाकून बसायचं, पॅडल सगळ्यात खाली, त्यावर टाच, पाय सरळ व्हायला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्यात थोडा वाक राहतो, २५ ते ३५ अंशाचा, तेवढा बरोबर. माझी सीट त्या हिशोबाने साधारण ९ मिमीच वर गेली, पण दहा दिवसांत दुखणं गेलं. फार वर घेतली तर गुडघ्याच्या मागे ताण येतो अन् सीटवर कुल्ले डावे-उजवे हलतात, ते पण बघा. आणि पोस्टवरची खुणेची रेघ फ्रेमच्या आतच राहू द्या. गुडघ्याला सूज असेल तर मात्र हे सगळं सोडून डॉक्टरकडे जा.

तक्रारी आहेतच. सीटचं नाक हाताने धरून हलवलं तर बारीक खेळ जाणवतो, धूळ गेली की कुरकुर करतो, पुसून ग्रीस लावलं की गप्प. उभं राहून चालवणाऱ्याला तर काडीचा उपयोग नाही. मित्राकडे सनटूर कंपनीचा एनसीएक्स सीटपोस्ट आहे, तो लिंकवाला, म्हणजे नळीऐवजी सांध्यांच्या पट्ट्यांवर हलणारा, सीट खाली जाता जाता मागेही सरकते त्यामुळे पॅडलपासूनचं अंतर कमी बदलतं, चालवून पाहिला, माझ्यापेक्षा कितीतरी शांत. पण पैसेही तसेच.

घेणार असाल तर जुन्या पोस्टच्या खालच्या भागावर कोरलेला आकडा पाहून जा, ती मिमीमधली जाडी असते, माझा २७.२ होता, ३०.९ अन् ३१.६ पण येतात. आणि त्याआधी टायरची हवा थोडी कमी करून पाहा, टायरवर लिहिलेल्या मर्यादेत राहून, फुकटात बरेच गचके जातात, मला हे १,४०० दिल्यावर सुचलं. जुना पोस्ट पलंगाखाली ठेवलाय, बायको रोज झाडू मारताना विचारते, हा पाइप फेकू का.