माइंड मॅप की आउटलाइनर? टाचण वहीतून पडद्यावर येणाऱ्या शिक्षकांसाठी

अनेक वर्षं टाचण वहीत पाठ मांडलेल्या शिक्षकाने हे काम संगणकावर न्यायचं ठरवलं, की दोन वाटा समोर येतात. माइंड मॅपमध्ये मधोमध विषय लिहून चहूबाजूंनी फांद्या काढायच्या. आउटलाइनरमध्ये ओळीखाली ओळ, मुद्द्याच्या पोटात उपमुद्दा, आणि नको तेव्हा पोटातलं मिटून ठेवायचं. मी इतिहास शिकवतो आणि दोन्हींवर पाठ तयार केले आहेत, त्यामुळे पुढचं सगळं त्या अनुभवातून आलेलं आहे. विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांचं मत थोडं वेगळं असू शकेल.

यातलं एक नवं आणि एक जुनाट, असा समज मात्र मनातून काढून टाका. संगणक संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी डिसेंबर १९६८ मधल्या प्रात्यक्षिकात मुद्द्यांची उघडमिट पडद्यावर करून दाखवली होती, तर ब्रिटिश लेखक टोनी ब्युझान यांनी माइंड मॅप लोकप्रिय केला तो १९७० च्या दशकात. म्हणजे दोन्ही पद्धती साधारण एकाच काळातल्या आहेत.

पाठाची पहिली जुळवाजुळव करताना माइंड मॅप फार सुखाचा वाटतो. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं घ्या. सामाजिक, आर्थिक, वैचारिक अशा फांद्या आपोआप फुटतात. १७८८ ची नापिकी आर्थिक कारणांत टाकली, तरी तिथून एक रेघ थेट पावाच्या महागाईवरून उसळलेल्या असंतोषाकडे ओढता येते. इतिहासातली कारणं एकमेकांत अशी गुंतलेलीच असतात आणि ती गुंतागुंत डोळ्यांना दिसणं ही मोठी गोष्ट आहे. विद्यार्थ्यांसमोर फळ्यावर हेच चित्र त्यांच्याकडून बोलून घेत वाढवलं, तर वर्ग जागा होतो. हे श्रेय मी माइंड मॅपला मनापासून देतो.

माझं मत फिरलं ते एका त्रासामुळे, आणि तो वरवर पाहता किरकोळ वाटेल. वहीवर वाढलेल्या माणसाची आठवण जागेला चिकटलेली असते. 'तो मुद्दा उजव्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, चौकटीत' असं आपल्याला आठवतं आणि हात नेमका तिथेच जातो. माइंड मॅपमध्येही हे होईल, उलट जास्तच होईल, अशी माझी अपेक्षा होती. पण एका फांदीला चार उपमुद्दे जोडले, की बाकीच्या फांद्या जागा करून द्यायला सरकतात. डावीकडची वैचारिक कारणं खाली जातात, कधी एखादी फांदी पलीकडच्या बाजूला उडी मारते. ही आपोआप मांडणी बंद करता येते, पण मग प्रत्येक नव्या मुद्द्यासाठी शेजारच्या फांद्या हाताने ढकलाव्या लागतात. पाठ तर दरवर्षी बदलतो. नवं उदाहरण सापडतं, एखाद्या विद्यार्थ्याचा प्रश्न टिपून ठेवावासा वाटतो. प्रत्येक भर घातली की ओळखीचा नकाशा अनोळखी होतो. तास सुरू असताना मुद्दा पडद्यावर शोधत बसण्याइतकं अस्वस्थ करणारं दुसरं काही नाही.

आउटलाइनरमध्ये मुद्द्याला जागा नसते, क्रम असतो. मध्ये दोन ओळी घातल्या तरी 'एस्टेट्स जनरल, ५ मे १७८९' ही (फ्रान्समधल्या तीन वर्गांच्या सभेची) ओळ तिच्या आधीच्या आणि नंतरच्या ओळींच्या मध्येच राहते. शिकवणंही शेवटी एकामागून एक असंच घडतं. तासाला सुरुवात आणि शेवट असतो, वाक्यं एका रांगेत बाहेर पडतात. उपमुद्दे मिटवून ठेवले की पाठाचा सांगाडा फोनच्या छोट्या पडद्यावरही एका नजरेत मावतो. मोठा माइंड मॅप तिथे चिमटीने लहानमोठा करत बसावा लागतो.

उणीव आहेच. नापिकी आणि असंतोष यांना जोडणारी ती रेघ इथे ओढता येत नाही. काही आउटलाइनरमध्ये एकच ओळ दोन ठिकाणी दिसण्याची सोय असते, एकीकडे बदलली की दुसरीकडेही बदलते. माझं काम त्यावर भागतं, पण रेघेची सर त्याला येत नाही. संबंध दाखवणं हाच तुमच्या विषयाचा गाभा असेल, तर मात्र माइंड मॅपपेक्षा संकल्पनाचित्राकडे वळा. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जोसेफ नोवाक यांनी मांडलेल्या त्या पद्धतीत प्रत्येक रेघेवर 'मुळे', 'पासून', 'वर अवलंबून' असे जोडशब्द लिहावे लागतात. त्यामुळे संबंध नेमका कोणता, हे विद्यार्थ्याला टाळता येत नाही.

केवळ एका तासापुरतं, एकदाच वापरायचं चित्र हवं असेल तर माइंड मॅप घ्या, मी अडवणार नाही. पण वर्षानुवर्षं जपायची, वाढवायची टाचणं असतील तर माझा कौल आउटलाइनरला आहे. दोन्ही हवे असतील तर सुरुवात नकाशाने करून मग आउटलाइनरमध्ये जाता येतं. त्यासाठी निवडलेलं साधन ओपीएमएल (मुद्दे-उपमुद्द्यांची मांडणी एका साधनातून दुसऱ्यात नेण्याचा फाइल-प्रकार) या प्रकारात फाइल देतं-घेतं का, एवढं आधी पाहा. फांद्या त्यातून नीट उतरतात, आडव्या जोडरेघा सहसा गळतात. म्हणून रूपांतर करण्यापूर्वी त्या रेघा संबंधित मुद्द्याखाली एकेका वाक्यात लिहून घ्या.