‘काका, फॉर्मॅट आहे’ म्हणाला आणि मी सही केली

डोंबिवलीतला टू बीएचके. कंपनी बंद पडली, हप्ते थकले, बँकेची 60 दिवसांची नोटीस आली. त्यात सोसायटीने थकबाकीदारांच्या यादीत माझं नाव लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावलं. तिसऱ्या दिवशी घर घेतो म्हणणारा हा माणूस दारात. पेढे घेऊन! "काका, अडचण कोणाला येत नाही? मी एजंट नाही, इन्व्हेस्टर आहे. ब्रोकरेज नाही, 15 दिवसांत बँक मोकळी करतो." भाव 51,00,000. आजूबाजूला 60-62 चालू होतं, माहीत होतं मला. पण घरावर जप्ती येते म्हटल्यावर माणूस भाव बघत नाही, सुटका बघतो. ज्यांचा कधी हप्ता चुकला नाही त्यांनी मला शहाणपण शिकवू नये.

इसारपावती, म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन घर विकायचा करार, 500 च्या स्टँपवर, नोटरीकडे. चेक 51,000 चा. आणि पान 3 वर: ‘रोख रुपये 4,49,000 मिळाले, भरून पावले.’ मी त्यावर बोट ठेवलं. हो, ठेवलं! "हे कधी दिलेत?" तर किल्ली बोटात फिरवत हसला. "काका, फॉर्मॅट आहे. पाच लाख राउंड फिगर दाखवतात. खरेदीखताच्या वेळी बघू." मागे रांग खोळंबलेली. 22 वर्षं अकाउंट्समध्ये काढली, व्हाउचरशिवाय 200 रुपये पास केले नाहीत, आणि न मिळालेल्या साडेचार लाखांची पावती स्वतःच्या हाताने लिहून दिली. नोटरीच्या शिक्क्याने मजकूर खरा ठरत नाही, हे तेव्हा कोणी सांगायचं?

‘खरेदीदार किंवा तो सुचवेल ती व्यक्ती’ हे शब्दही वाचले होते. त्याला घर घ्यायचंच नव्हतं, माझा कागद पुढे विकायचा होता. ‘पार्टनर’ म्हणून माणसं आणायचा. बायकोने स्वयंपाकघरातून ऐकलं, पार्टनरला 61 सांगत होता. मी तिच्यावरच खेकसलो.

तीन महिने दमडी नाही. मुदत संपली की इसार रद्द, एवढी एक ओळ कागदात घालून घ्या, माझ्यात नव्हती. मी 60,00,000 चा गिऱ्हाईक आणला, तर पेपरात घरावर हक्क सांगणारी याची जाहीर नोटीस, ‘तमाम जनतेस कळविण्यात येते की…’ गिऱ्हाईक पळालं.

मग पोलीस. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा "दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा." तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पण पोच मागितली तर शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवर. चौथ्यांदा हवालदारांनी मलाच विचारलं, "सही तुमचीच ना?" बँक म्हणाली, खासगी व्यवहाराशी आमचा संबंध नाही, वसुलीचे फोन मात्र सकाळी आठपासून. थकबाकी फेडतो म्हणणाऱ्याला चेक थेट कर्जखात्यातच भरायला लावा, हे त्या फोनवाल्यांपैकी एकाने तरी सुचवायचं होतं!

वकिलांनी आणखी एक ऐकवलं. घराच्या व्यवहारात 20,000 किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यानुसार चालत नाही, आणि तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. म्हणजे कागद पुढे केला तर मीच आरोपी!

शेवटी मेहुण्याकडून उसने घेऊन त्यालाच 3,75,000 दिले आणि इसाराचं रद्दपत्र करून घेतलं. घर 56,50,000 ला गेलं. वकील 40,000. पळालेल्या 60,00,000 च्या गिऱ्हाईकाशी तुलना केली, तर त्याचे 51,000 वजा करूनही 7,14,000 चा फटका.

हिला 3,75,000 चा आकडा अजून सांगितलेला नाही. दोन म्हणालोय.