भरती निघालीय, पण कोणाच्या हजेरीपटावर?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यात नवी लाइन पडली की बातमीत 'इतक्या जणांना रोजगार' असा आकडा येतो. त्यात पर्मनंट किती आणि ठेकेदाराची पोरं किती, हे क्वचितच फोडून सांगतात. आयटीआय करून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलापुढे बहुतेक दोनच वाटा असतात: अप्रेंटिस व्हायचं, नाहीतर ठेकेदाराकडे नाव लावायचं.

पैशाच्या हिशेबात ठेकेदाराचं पारडं जड. किमान वेतन, ओटी (ओव्हरटाइम), पीएफ, आणि महिन्याचा पगार २१,००० रुपयांच्या आत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमासुद्धा. अप्रेंटिस कायद्याच्या लेखी कामगारच नाही, त्यामुळे त्याला पीएफ नाही. २०१९च्या नियमांत आयटीआयवाल्याचं किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये ठरलं. बऱ्याच कंपन्या जास्त देतात, तरी खोली आणि मेस भागवून हातात फारसं उरत नाही. ठेकेदाराकडे गेलात तर यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) मागून घ्या आणि पीएफच्या पासबुकात भरणा पडतोय का, ते स्वतः बघा. त्याने पगार थकवला तर देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते.

खरा फरक मशीनपाशी पडतो. ठेकेदाराचा मुलगा सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) जॉब, म्हणजे घडवायचा भाग लावतो, सायकल संपली की काढतो, गेजने माप तपासून ट्रेमध्ये ठेवतो. माप सरकलं की ऑफसेट टाकायला, म्हणजे मशीनमध्ये मापाची दुरुस्ती भरायला, सेटर (मशीन लावून देणारा कारागीर) येतो. अप्रेंटिसलाही कित्येक ठिकाणी हेच करायला लावतात (आणि वर त्याला 'ट्रेनिंग' म्हणतात!). पण चांगल्या कारखान्यात त्याला सेटरजवळ उभं राहता येतं, ड्रॉइंग वाचता येतं, शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र. बजाजचा कारखाना १९८५मध्ये वाळूजला आला, त्याच्याभोवती व्हेंडर, म्हणजे सुटे भाग पुरवणारे कारखाने वाढले. टोयोटा किर्लोस्करने २०२४मध्ये छत्रपती संभाजीनगरसाठी सामंजस्य करार केलाय. तो प्रकल्प उभा राहिला तर व्हेंडरना सेटर लागणारच. नुसता जॉब लावणारा मात्र कोणीही चालतो.

पर्मनंटची हमी दोन्हीकडे नाही. करारात लिहिलं नसेल तर अप्रेंटिसला पुढे ठेवून घ्यायला कंपनी बांधील नसते. ठेकेदाराकडे सहा-सात महिन्यांनी काम थांबवून 'ब्रेक' देतात.

घरून वर्षभर थोडा हात मिळत असेल तर मी अप्रेंटिसच म्हणेन. पण आधी गेटबाहेर चहाच्या टपरीवर तिथल्याच अप्रेंटिसना विचारा, कुठल्या मशीनवर आहात. सगळे पॅकिंगला असतील, तर सरळ ठेकेदाराकडे जा. काम तेच, पैसे जास्त. घरी कर्जाचे हप्ते चालू असतील तरीही ठेकेदारच, फक्त मशीन शॉप (मशीनवरच्या कामाचा विभाग) मागून घ्या. आणि अप्रेंटिसशिपचा नोंदणीकृत करार न दाखवता कोणी नुसतं 'ट्रेनी' म्हणून घेत असेल, तर सही करू नका.