सायको टेस्टचं सराव अ‍ॅप: पाच महिने वापरल्यावर

वर्षाचे ४९९ रुपये. घरून येणाऱ्या पैशांतून ते काढायला मी चार दिवस घेतले होते, म्हणून आज राग जास्त आहे.

रेल्वेच्या सहायक लोको पायलट (सहायक इंजिनचालक) भरतीतल्या सीबीएटीसाठी हे अ‍ॅप घेतलं. सीबीएटी म्हणजे संगणकावरची अभियोग्यता चाचणी, तिलाच आम्ही सायको टेस्ट म्हणतो. पाच बॅटऱ्या, म्हणजे वेगवेगळ्या चाचण्या, प्रत्येकीत किमान ४२ टी-स्कोअर (इतरांच्या तुलनेत काढलेले गुण), कुठल्याच प्रवर्गाला सवलत नाही. माझं घोडं अडतं ते परसेप्च्युअल स्पीड या बॅटरीला, म्हणजे नजरेच्या वेगाला. वरची आकृती खालच्या पर्यायांतून हुबेहूब शोधायची.

पहिले तीन महिने मी खूश होतो. चाळीसपैकी १९ वरून ३४ वर गेलो. मग अपडेट आलं, पर्यायांच्या जागा बदलायला लागल्या आणि मी थेट २१ वर. कस्टमर केअरशी भांडलो, तीनदा पैसे परत मागितले. तिन्ही वेळा तेच छापील उत्तर.

आठवडाभराने डोकं शांत झाल्यावर कळलं, अपडेट बरोबरच होतं. सहाच संच फिरून फिरून येत होते. बाणाची आकृती दिसली की बोट आपोआप तिसऱ्या पर्यायावर जायचं. नजर कुठे तयार झाली होती? जागा पाठ झाल्या होत्या. शिवाय टी-स्कोअर इतरांच्या तुलनेत ठरतो, त्यामुळे नुसत्या ३४ ला तसाही अर्थ नव्हता.

पण घड्याळाचं काय? चित्र उघडायच्या आधीच वेळ सुरू होतो. आमच्याकडे संध्याकाळी नेट मंदावतं. प्रश्नामागे दोन सेकंद गेले तरी चाळीस प्रश्नांत ८० सेकंद गेले. वेगाचाच सराव विकताय आणि घड्याळच खोटं! हे मी पाच महिन्यांत सात वेळा कळवलंय.

आता बराचसा सराव कागदावर. ताई मोठ्या आकड्यांच्या जोड्या लिहून देते, कुठे एखादाच अंक बदलते. मी मोबाइलवर वेळ लावून तपासतो. आकृत्यांत अख्खं चित्र बघायचं सोडलं. एकच खूण धरायची, समजा बाणाचं शेपूट, ती सगळ्या पर्यायांवरून फिरवायची, न जुळणारे सोडायचे, मग दुसरी खूण. आरशातल्या प्रतिमेला मी सगळ्यात जास्त फसायचो, ते कमी झालंय. रात्री स्क्रीन बंद. या पदाला बिनचष्म्याची ६/६ नजर लागते.

अ‍ॅप फक्त रविवारी सकाळी उघडतो, नेट बरं असतं तेव्हा. काल २९ आले, जागा बदललेल्या असताना. पुढच्या वर्षाचे पैसे घड्याळ दुरुस्त झाल्याशिवाय भरणार नाही.