पेटी अभंग, आतला गायरो बाद : आठ महिन्यांच्या वापरानंतर

नाजूक उपकरणं कुरिअरने पाठवायची ही पेटी. एटीए स्पेक ३०० (विमान कंपन्यांच्या संघटनेचं पॅकिंगचं मानक), श्रेणी १, म्हणजे किमान १०० फेऱ्या टिकेल अशी. आठ महिन्यांत माझ्या ११ झाल्या. पेटीवर ओरखड्यांपलीकडे काही नाही. नवव्या फेरीत आतला गायरो (दिशा किंवा कल दाखवणारं, आत फिरती चकती असलेलं उपकरण) मात्र गेला.

वर्कशॉपने कळवलं, बेअरिंगच्या रिंगवर बारीक खड्डे पडलेत. झाकणाच्या आत लावलेलं २५ जीचं (गुरुत्वाकर्षणाच्या २५ पट) शॉक लेबल, म्हणजे त्याहून मोठा धक्का बसला की पांढऱ्याचं लाल होणारं, लालभडक. कुरिअरवाल्यांना म्हटलं, तुम्ही आपटलीत. ते म्हणाले, आपटली असती तर कोपरा फुटला असता, तुमचंच पॅकिंग कच्चं. तीन आठवडे हेच दळण.

मग चिडून फोम काढला आणि अंगठ्याने दाबून पाहिला. दबेचना! पहिल्या महिन्यात मी याच फोमचं ‘काय घट्ट बसतो’ म्हणून कौतुक केलं होतं. ते कौतुक परत घेतो. फोम किती भार पेलून दबतो याचे आलेख असतात; त्यात वस्तूचं वजन भागिले तळाचं क्षेत्रफळ बघायचं. हा फोम जड डब्यांसाठीचा, माझा गायरो जेमतेम दीड किलोचा. म्हणजे तो फोमवर नव्हे, फळीवरच बसला होता. शिवाय गायरो हलू नये म्हणून मीच एक तुकडा कोंबून झाकण दाबून लावलं होतं. थोडक्यात, कुरिअरवाले अगदीच खोटं बोलत नव्हते. (हे त्यांना कळवलेलं नाही.)

नवा फोम घ्यायला जीव होईना. लांब पात्याच्या कटरने तळाचा मधला भाग काढला, चार कोपऱ्यांना आधार ठेवला, म्हणजे तेच वजन कमी जागेवर येऊन फोम दबेल. फोम कमी केला की धक्का कमी लागतो, हे पटायला मला एक गायरो गमवावा लागला. कापल्यावर भुगा व्हॅक्यूमने काढा, नाहीतर तो कनेक्टरच्या पिनांत जाऊन बसतो. आणि फोम गुलाबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो स्वतः स्थिर विजेचा चार्ज धरत नाही एवढंच, बाहेरचा अडवत नाही. चंदेरी शील्डिंग पिशवी आणि कनेक्टरला टोपी लागतेच.

हवेचा दाब आतबाहेर सारखा करणारा पेटीचा व्हॉल्व्ह मात्र झकास. आधीच्या बिनव्हॉल्व्हच्या पेटीचं झाकण विमानप्रवासानंतर असं चिकटायचं, की स्क्रूड्रायव्हर घालून उचकटावं लागे.

फोम कापल्यापासून दोन फेऱ्या झाल्या, नवं लेबल पांढरंच आहे. कदाचित या दोन्ही वेळा कुणी आपटलीच नसेल. नुकसानभरपाईचा अर्ज अजून ‘तपासात’ आहे.