उसगाळीमळची कातळशिल्पं: पाचपैकी चार तारे, तेही ऊन कलल्यावर गेलात तर

नणंद कोल्हापूरहून आली की मंगेशी, शांतादुर्गा आणि कोलवा हा आमचा ठरलेला फेरा. यंदा मीच हट्टाने सगळ्यांना केपे-रिवणमार्गे दक्षिण गोव्यातल्या उसगाळीमळला, दगडात कोरलेली जुनी चित्रं बघायला नेलं. फणसायमळ म्हणतात तीच ही जागा.

पोचल्या पोचल्या भाचा म्हणाला, "मामी, इथे तर काहीच नाही!" तसंच वाटतं. कुशावती नदीच्या काठाला जांभ्याचा उघडा सडा, म्हणजे सपाट खडकाळ जमीन, बस्स. पण तिथल्या राखणदाराने तांब्याभर पाणी ओतलं, "वयनी, हांगा पळयात" (वहिनी, इथे बघा) म्हणत बोट फिरवलं, आणि पायाजवळ बैलाची लांब शिंगं उमटली. मग हरणं, मोर, नाचणारी बाई. एकात एक वळत जाणाऱ्या वर्तुळांपाशी मुलं अशी अडकली की उठेनात. आत शिरायची वाट कुठली यावर दोघांचं भांडणच जुंपलं. रेषा उथळ आहेत. डोक्यावरच्या उन्हात त्या सपाट दिसतात, तिरप्या उन्हात खोबणीत सावली पडते. म्हणून चारनंतर जा. पाण्याची बाटली न्या, आणि चपला काढूनच सड्यावर चढा.

1993 साली पुरातत्त्वज्ञ प्रकाशचंद्र शिरोडकरांनी ही चित्रं उजेडात आणली. आजूबाजूला लोहखनिजाच्या खाणी, त्यातून एवढा सडा वाचला हेच नवल. 2022 पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कातळशिल्पांबरोबर फणसायमळही युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहे, पण माझ्या शेजारणीला विचारा, तिला ठाऊक नाही. काळ किती जुना, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कोरलेल्या दगडात कोळसा-हाडासारखं काही नसतं, त्यामुळे थेट वय काढता येत नाही. फलकावर मात्र हजारो वर्षांचा आकडा अगदी ठामपणे रंगवलाय. तो वाचण्यापेक्षा राखणदाराचं ऐका, आणि निघताना त्याच्या हातावर काहीतरी ठेवा. आमच्याकडे त्याने स्वतःहून मागितलं नाही.

पावसाळ्यात नको. कुशावती भरते, सडा शेवाळतो. खाणंपिणं केप्यातच उरकून घ्या.

एक तारा कापला तो शौचालयासाठी. सासूबाईंना घेऊन गाडी रिवणपर्यंत मागे आणावी लागली, आणि वाटभर त्यांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.